नावावरून उतरेपर्यंत

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो, दुपारी जेवून सगळे आडवे झालेले आणि हा खिडकीच्या कट्ट्यावर आपल्या छोट्या गाड्या ओळीने लावत बसलेला, आणि त्या ओळीच्या शेवटी लाल रंगाचं काहीतरी उभं करून ठेवलेलं होतं. मला आधी वाटलं कसलं तरी झाकण असेल. जवळ जाऊन बघितलं तर बारा बोअरचं काडतूस. लाल प्लास्टिक, खाली पितळी बूड, आणि बुडाच्या मधोमध ती बारीक गोल टोपी जिच्यावर ठोका बसला की बार होतो. त्याने ते सिग्नल म्हणून उभं केलं होतं.

मी ओरडलो नाही. हात पुढे केला, म्हटलं दे बघू इकडे, त्याने दिलं. माझा हात नंतर बराच वेळ थरथरत होता.

बंदूक अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दुनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. ती कायम कुलपात असायची, रिकामी असायची, किल्ली अप्पांच्या कमरेला, त्यात आयुष्यात कधी हयगय झालेली मी बघितली नाही. पण काडतुसाचा खोका त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलेला, खण नीट बंद व्हायचा नाही, आणि अप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत. ते काडतूस मी त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, ते हातात फिरवून बघितलं, खोका आणून काडतुसं मोजली, पुन्हा मोजली, आणि एवढंच म्हणाले, "विकून टाकू."

मला वाटलं होतं की हे म्हणजे जुनी स्कूटर विकण्यासारखं काम, थोडे कागद, थोडी धावपळ, महिनाभरात मोकळे. तसं ते अजिबात नसतं. त्या चार-पाच महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय कारण आपल्याकडे गावोगाव अशा बंदुका आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या नावावर आहेत, आणि पुढच्या पिढीला त्यातलं काहीच माहीत नाही. मलाही नव्हतं.

अप्पांनी परवाना घेतला १९७४ साली. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कडक बंधनं आलेली होती त्यामुळे शिकारीची हौस वगैरे विषयच नव्हता. माकडं आणि रानडुकरं यांच्यासाठी ती बंदूक, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा आवाजापुरती, हवेत एक बार काढला की कळप दोन दिवस फिरकायचा नाही. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते हे अप्पांनी आम्हाला लहानपणीच बजावून सांगितलेलं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा, निकाल लागला की परत आणायची, त्याच्या पावत्या त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवल्यात. परवान्याचं रिन्यूअल पूर्वी दर तीन वर्षांनी असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी झालं. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका असा नियम आला, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विकायच्या आधी एक गोष्ट रीतसर विचारात घ्यायची होती, की मीच ती माझ्या नावावर घ्यावी का. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा ती बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली की तो हयात असतानाच वारसाला परवाना मिळावा म्हणून अर्ज करता येतो. अप्पा दोन्हीत बसत होते. पण मी शहरात फ्लॅटमध्ये राहतो, मला शेती बघायला वेळ नाही, बंदूक चालवायचं माझं काडीचं प्रशिक्षण नाही, आणि घरात आठ वर्षांचं पोर. केवळ वडिलांची आठवण म्हणून चालू स्थितीतलं हत्यार घरात ठेवायचं हे मला पटेना. अप्पांनीही आग्रह धरला नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिसऱ्याच दिवशी एक ओळखीचा माणूस आला. ओळखीचा म्हणजे मी त्याला लहानपणापासून बघतोय, त्याच्या बापाने आमच्या विहिरीचं काम केलेलं. ओटीवर बसला, चहा घेतला, म्हणाला, "काका, लायसनचा अर्ज टाकलाय मी, होईलच महिन्या-दोन महिन्यात. पैसे आत्ता घ्या, बंदूक आत्ता द्या, कागद मागाहून करू. आपल्यात काय कागद?"

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यात फार वावगं वाटलं नाही. माणूस सरळ आहे, पैसे रोख देतोय, आमचीही कटकट जातेय. अप्पा मात्र म्हणाले, "तुझा परवाना आला की ये, तोवर मी दुसऱ्याला शब्द दिला नसेल तर बोलू." तो गेल्यावर घरात थोडी वादावादी झाली, आई म्हणाली एवढं ताणून धरायचं कशाला, रोजचं तोंड बघायचं आहे. मग मी त्या रात्री बसून कायदा वाचला, आणि अप्पांनी जे नुसत्या सवयीने केलं ते किती बरोबर होतं ते कळलं.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या पाचव्या कलमात असं आहे की स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर ठेवलेली बंदूक तुम्ही दुकानदाराचा परवाना नसतानाही दुसऱ्याला विकू शकता, म्हणजे खासगी विक्रीला बंदी नाही, पण घेणारा ती बाळगायला कायद्याने पात्र हवा. आज, देतानाच. अर्ज टाकलेला माणूस म्हणजे परवाना नसलेला माणूस. आणि कलम २९ तर थेट देणाऱ्याविषयी बोलतं, की समोरचा पात्र आहे याची आधी खात्री करून न घेता हत्यार त्याच्या ताब्यात देणं हाच गुन्हा आहे. "मला वाटलं त्याच्याकडे असेल" हे चालत नाही, खात्री करायची ती आधी आणि करायची ती देणाऱ्याने. पाचवं कलम मोडून विकलं तर २०१९ नंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत जाते. शहात्तर वर्षांच्या माणसाला. आपल्यात काय कागद म्हणत.

यावर मी खूप विचार केला, कारण गावात कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ओळख असणं आणि खात्री असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या माणसाला तीस वर्षं ओळखतो, पण त्याच्यावर एखादी केस आहे का, कधी शिक्षा झाली आहे का, दारूच्या भरात तो घरी कसा वागतो, घरात आणखी कोण आहे, यातलं मला काय माहिती आहे? काही नाही. परवाना देताना पोलीस चौकशी होते ती याच गोष्टींची होते. ती चौकशी मी ओटीवर बसून चहाच्या कपात करू शकत नाही. म्हणून परवाना बघायचा. यात अपमान कुणाचाच नाही. आणि समजा उद्या त्याच्या हातून काही घडलं तर सरकारी रेकॉर्डला ती बंदूक कुणाच्या नावावर आहे? अप्पांच्या. पैसे मिळाले, बंदूक घरातून गेली, तरी नावावरून उतरलेली नाही, तोवर ती तुमचीच.

दुसरा प्रकार जास्त वाईट झाला. माझ्या चुलतभावाने चांगल्या हेतूने बंदुकीचा फोटो काढला, नळीवरचा नंबर स्पष्ट दिसतोय असा, आणि अप्पांचं नाव, गाव, फोन सगळं लिहून दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत अप्पांना अनोळखी नंबरवरून सतरा-अठरा फोन आले. एकाने विचारलं घरी कोण कोण असतं. एकाने सांगितलं की लग्नाच्या वरातीसाठी पाहिजे, हवेत बार काढायला. (हवेत असे बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा माणूस ते फोनवर बिनधास्त सांगत होता.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडताना दोघे मोटरसायकलवरून न सांगता आले, बंदूक बघायची आहे म्हणाले. घरात अप्पा आणि आई दोघंच. अप्पांनी दार पूर्ण उघडलं नाही, म्हणाले बंदूक घरात नाही, परवान्याची झेरॉक्स घेऊन उद्या पोलीस स्टेशनला या, तिथे बोलू. ते आले नाहीत.

मला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं आणि मी सुट्टी टाकून निघालो. आधी तो फोटो सगळीकडून डिलीट करायला लावला, पण असा फोटो एकदा गेला की गेला. घरात बंदूक आहे आणि दोन म्हातारी माणसं आहेत ही बातमी आपणच वाटली होती. विकायची असेल तर आपल्या विश्वासातल्या, स्वतः परवाना असलेल्या दोन-चार लोकांना तोंडी सांगावं, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जावं. विक्रेत्याकडे दिली तर पैसे थोडे कमी येतात पण गिऱ्हाईक शोधणं, त्याचे कागद बघणं, रजिस्टरला नोंद हे सगळं तो करतो, आणि घरी कुणी येत नाही. आता पुन्हा कुणी विचारलं तर मी आधी हाच मार्ग सुचवेन.

त्याच आठवड्यात बंदूक आम्ही घरातून हलवली, परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला दिली, पावती घेतली. इथे मी एक चूक करणार होतो. अप्पांना गाडीत बसायचा त्रास होतो म्हणून म्हटलं मीच नेतो, तुम्ही चिठ्ठी लिहून द्या. अप्पा नाही म्हणाले. नंतर वाचलं तर कायद्यात परवाना नसलेल्याने दुसऱ्याची बंदूक नेण्याची सूट आहे ती मोजक्याच कारणांसाठी: परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीने, दुरुस्तीला, परवान्याच्या रिन्यूअलला, किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी. विकायला किंवा ठेवायला नेणं त्यात नाही. म्हणजे मुलगा असलो तरी ती बंदूक डिकीत टाकून एकटा निघालो असतो तर रस्त्यात नाकाबंदीला काय उत्तर देणार होतो? अप्पा स्वतः आले. नळ्या मोडून, म्हणजे खाली झुकवून उघडून, काडतूस बसतं त्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत हे मला दाखवून, दस्ता आणि नळ्या वेगळ्या करून कॅनव्हासच्या पिशवीत घातल्या, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना शर्टाच्या खिशात. दीड तास ते काही न बोलता बसले होते, पिशवी पायांशी.

खरा घेणारा भेटला तो शेजारच्या तालुक्यातला, बागायतदार, अप्पांच्या एका जुन्या मित्राने सुचवलेला. त्याने पहिल्याच फोनला स्वतःहून सांगितलं की माझा परवाना आहे, एक बंदूक आहे, दुसरीची नोंद करायची मुभा आहे, कागद कुठे दाखवू? मला त्या माणसाबद्दल तिथेच बरं वाटलं. ज्याच्याकडे खरंच परवाना असतो त्याला कागद मागितल्याचा राग येत नाही, हा माझा या सगळ्यातला अनुभव आहे. तोही त्यातून गेलेला असतो.

तरी आम्ही बघितलं सगळं. त्याने व्हॉट्सॲपवर परवान्याचा फोटो पाठवला, मी म्हटलं ओरिजिनल बघायचा आहे, भेटलो. काय बघितलं? मुदत संपलेली नाही ना. परवान्यावर यूआयएन आहे ना, म्हणजे देशभरातल्या परवान्यांच्या कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डमधला तो एकमेव नंबर. आपली बंदूक ज्या प्रकारची आहे तो प्रकार त्याच्या परवान्यात बसतो का. आधीच दोन बंदुकांची नोंद आहे का, असेल तर तिसरी त्याला घेताच येत नाही. फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे ना. आणि मग हे सगळं बघूनसुद्धा आम्ही कलेक्टर ऑफिसला शस्त्र परवान्याच्या टेबलावर जाऊन विचारलं, कारण कागद खरा आहे की नाही हे मला बघून कळत नाही, रद्द झालेल्या परवान्याचं पुस्तकही दिसायला तसंच असतं. (आयुक्तालय असलेल्या शहरात हेच काम पोलीस आयुक्तांच्या ऑफिसला होतं.)

मग ती पंचेचाळीस दिवसांची गोष्ट. हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. खासगी विक्री करायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना म्हणजे कलेक्टरना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या प्रमुखांना लेखी कळवायचं, की मी माझी अमुक बंदूक विकणार आहे, घेणाऱ्याचं नाव अमुक, पत्ता अमुक. आणि ते दिल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी बंदूक हातात द्यायची नाही. न कळवता दिली किंवा दिवस भरायच्या आधी दिली तर समोरच्याकडे पक्का परवाना असला तरी तो गुन्हा आहे, कलम २५ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. हे पंचेचाळीस दिवस मला आधी सरकारी दिरंगाई वाटली होती. पण तेवढ्यात दोन्हीकडच्या ऑफिसला बघायला वेळ मिळतो, घेणाऱ्यावर मधल्या काळात काही दाखल झालंय का, त्याच्या घरून कुणी तक्रार केलीय का. बंदूक घ्यायची कुणाला एका रात्रीत गरज पडली असेल तर ती गरज कसली आहे, हा प्रश्न पडायला हवा. मला तो मोटरसायकलवाल्या दोघांनंतर पडायला लागला.

अर्ज अप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, मी टाईप करून देतो म्हटलं तरी. दोन ठिकाणी दिला, कलेक्टर ऑफिस आणि पोलीस स्टेशन, कायद्यात "किंवा" असलं, एक ठिकाण पुरत असलं तरी. दोन्ही प्रतींवर शिक्का आणि तारखेची पोच घेतली. त्या तारखेपासून त्यांनी कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायला सुरुवात केली.

आणि तिथे एक गाडं अडलं. परवान्यावरचा बंदुकीचा नंबर आणि नळीखालचा नंबर जुळेना. अप्पा म्हणाले असं होणार नाही, पन्नास वर्षं तीच बंदूक आहे. आम्ही विक्रेत्याकडे जाऊन बंदूक उजेडात धरली, फडक्याला तेल लावून तो भाग पुसला, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला, मग दिसलं, चौथा आकडा ३ आहे आणि परवान्यात ८ लिहिलाय. पत्र्याच्या डब्यातल्या जुन्या पावत्या काढल्या, जुन्या पावत्यांवर ३ होता, मग कधीतरी एका रिन्यूअलला नवीन पुस्तकात उतरवताना कुणीतरी ८ केला आणि पुढे सगळे ८ लिहीत गेले, आम्हीही कधी बघितलं नाही. एका आकड्यासाठी तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं विक्रीनंतर बघू, अप्पा म्हणाले विक्रीनंतर कसं, मग मी विकतोय ती बंदूक आणि माझ्या परवान्यावरची बंदूक एक नाही असंच झालं ना. त्यांचा आवाज चढला होता आणि माझ्या मते बरोबर चढला होता. त्या डब्यातल्या १९७० आणि ८० च्या दशकांतल्या पावत्या नसत्या तर ते सिद्ध कशाने केलं असतं मला माहीत नाही. शेवटी दुरुस्ती झाली, सही-शिक्क्यासह. तुमच्या घरात अशी बंदूक असेल तर विकायची असो वा नसो, आज जाऊन नळीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर आकडा-आकडा ताडून बघा.

दुरुस्तीनंतर आम्ही नवीन नंबर घालून अर्ज पुन्हा दिला, म्हणजे दिवस पुन्हा एकपासून. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या अर्जात नंबर चुकीचा होता, अप्पांना ते नको होतं. त्यांनी कॅलेंडरवरच्या रेघांना दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सुरुवात केली.

या दुसऱ्या फेरीत मला एक वेगळीच धास्ती होती, बोललो नाही कुणाला. अप्पांना मधेच काही झालं तर? आमच्याच वाडीत असं झालं होतं. एक गृहस्थ गेले, त्यांची बंदूक कपाटात तशीच, बायकोला काही कल्पना नाही, मुलं बाहेरगावी, कुणाच्या मनातही आलं नाही. दोन वर्षांनी निवडणुकीच्या वेळी पोलीस स्टेशनमधून बंदूक जमा करा म्हणून निरोप आला तेव्हा घरच्यांना कळलं की ज्याच्या नावावर होती तो माणूस गेल्यापासून ती बंदूक घरात बेकायदा होती. त्या माउलीचं काय चुकलं होतं? पण परवाना माणसाबरोबर जातो, कपाटाबरोबर राहत नाही. अशा वेळी विनाविलंब जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मग वारसाला परवाना मिळाला तर त्याला परत मिळते, नाहीतर पात्र माणसाला विकून तिचे पैसे वारसाला घेता येतात, कायद्यात तशी सोय आहे, हक्क बुडत नाही. फक्त त्याला मुदत असते, ती जाऊ दिली तर सरकारजमा व्हायची पाळी येते. पण पहिली पायरी जमा करण्याची. ती घरात ठेवून वाट बघायची नाही.

पंचेचाळीस दिवस भरले. त्यानंतरही आम्ही चार दिवस थांबलो, काही हरकत आलेली नाही हे विचारून घेतलं. पैसे बँकेतून बँकेत घेतले, रोख नाही. एका कागदावर सगळं लिहिलं, बंदुकीचा प्रकार, बोअर, नंबर, दोघांचे परवाना नंबर, यूआयएन, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. घेणाऱ्याने विचारलं एक-दोन बार काढून बघू का, अप्पांनी मान हलवली, म्हणाले विक्रेत्याकडे कारागिराला दाखवा, तो नळी बघून सांगेल, रानात जाऊन चाचणी नको. तो हो म्हणाला. काडतुसं आम्ही विकली नाहीत. किती जुनी होती अप्पांनाही आठवत नव्हतं, आणि जुनं काडतूस कधी फुटेल, कधी नळीत अडकेल सांगता येत नाही, ती दुसऱ्याच्या हातात द्यायची अप्पांची तयारी नव्हती. मोजून चौदा पोलीस स्टेशनला अर्जासह जमा केली. काडतुसालाही परवाना लागतो, तेही असंच कुणाला देऊन टाकता येत नाही हे लोक विसरतात.

बंदूक दिली ती विक्रेत्याकडेच, त्याच्या काउंटरवर. अप्पांनी पिशवीतून काढली, नळ्या आणि दस्ता जोडला, मोडून दोन्ही खोल्या त्या माणसाला दाखवल्या, त्याने बोट घालून बघितलं, मग बंद केली आणि नळ्या जमिनीकडे ठेवून त्याच्या हातात दिली. आणि म्हणाले, "डाव्या बाजूचा घोडा जरा कडक आहे." एवढंच.

नंतर कलेक्टर ऑफिसला दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी होती. क्लार्कने अप्पांच्या पुस्तकातल्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली, सही आली, आणि दुसऱ्या पुस्तकात तीच ओळ निळ्या पेनाने लिहिली. अप्पा टेबलावर वाकून चौथा आकडा बघत होते. ३ होता. मग त्यांनी खिशातून आधीच लिहून आणलेला दुसरा अर्ज काढला, आता माझ्याकडे हत्यार नाही, परवाना परत करत आहे, आणि पुस्तक देऊन त्याची पोच घेतली.

यानंतर तीन आठवड्यांनी आईने बंदुकीचं कपाट साफ करायला घेतलं. खालच्या फळीवर जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, तो ओढला तसं काहीतरी घरंगळत आलं आणि तिच्या पायाशी थांबलं. लाल, पितळी बुडाचं. अप्पांनी मला फोन केला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी म्हटलं उद्या शनिवार आहे, मी येतो, आपण जाऊन देऊ. ते म्हणाले, "आता माझ्याकडे परवाना नाही रे. उद्यापर्यंत कसं ठेवू?" आणि रिक्षा बोलावून, एका कागदावर चार ओळी लिहून, काडतूस डबीत घालून स्वतः पोलीस स्टेशनला गेले. ठाणे अंमलदार त्यांना ओळखतो, म्हणाला अप्पा, एकच आहे, ठेवून जा, मी बघतो. अप्पा तिथल्या बाकावर बसून राहिले. त्याने रजिस्टर काढलं, एक नग काडतूस, बारा बोअर, असं लिहिलं, शिक्का मारला, पोच फाडून दिली. ती आता पत्र्याच्या डब्यात सगळ्यात वर आहे.